दसरा ते भाऊबीज: सुई-दोऱ्याची प्रश्नोत्तरं

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत साधारण २२ दिवस हाती असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे आणि कापसाच्या पहिल्या वेचणीचे. त्यामुळे या वेळच्या पत्रांत ‘कसं करू’पेक्षा ‘होईल का’ हाच प्रश्न जास्त वेळा आला. जिथं आकडा मांडून उत्तर देता आलं तिथं तसंच दिलं आहे.

भाऊबीजेला भावासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायचा आहे. त्याची छाती ३६ इंच. लोकर किती आणू? वेळेत होईल का, की मफलरवरच भागवू?
*— दारव्हा, जि. यवतमाळ*

३६ इंच म्हणजे साधारण ९२ सेंमी. शर्टावरून घालायचा स्वेटर अंगापेक्षा ८ सेंमी तरी सैल हवा. म्हणजे घेर १०० सेंमी, पुढचा भाग ५० आणि मागचा ५०. मध्यम जाडीची लोकर ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या सुयांवर विणली तर १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी बसतात. ५० सेंमीला ११० टाके झाले. शिवणीत जायला दोन्ही कडांना एकेक, म्हणून ११२ टाके घाला. लांबी ६० सेंमी धरली तर १८० ओळी. मुंढे आणि गळ्याचे टाके वजा केले तरी दोन्ही भाग मिळून ३५-३६ हजार टाके होतात. सरावाचा हात मिनिटाला २५ टाके विणतो, म्हणजे २४ तासांचं काम. शेवटचे तीन दिवस जोडणी, गळपट्टी आणि मुंढ्याच्या पट्ट्यांसाठी राखून ठेवा. उरलेल्या १९ दिवसांत रोज सव्वा तास बसावं लागेल. हात नवा असेल, मिनिटाला १५ टाकेच पडत असतील, तर रोजचे दोन तास धरा. सोंगणीच्या दिवसांत ते जमेल का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

मफलर लवकर होतो असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. त्याच लोकरीत ६० टाक्यांचा, दीड मीटर लांब मफलर म्हणजे ४५० ओळी, २७ हजार टाके. स्वेटरपेक्षा थोडेच कमी! वेळ वाचतो तो जाड सुईनं. लोकर दुहेरी घ्या, ४ नंबरची (६ मिमी) सुई घ्या, ३८ टाके घाला आणि प्रत्येक ओळ ‘२ सुलट, २ उलट’ विणत जा. ओळ २ सुलटांनी सुरू होऊन २ सुलटांनीच संपेल. उलटून विणताना तीच ओळ २ उलटांनी सुरू करा. ३०० ओळींत दीड मीटर होतो आणि आठ तासांत सुटका होते. या विणीला उलटी बाजू नसते, कडाही गुंडाळत नाहीत. नुसता सुलट-उलट ओळींचा सपाट मफलर मात्र विणू नका. तो दोन दिवसांत नळीसारखा वळतो, आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही.

लोकर: स्वेटरला ३०० ग्रॅम लागते, ३५० आणा. मफलरला २५० पुरे. सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच लॉट नंबरच्या घ्या. लॉट बदलला की दुकानाच्या दिव्याखाली सारखा वाटणारा रंग उन्हात वेगळा दिसतो, आणि बरोबर छातीवर आडवी रेघ उमटते.

सुयांच्या नंबराबद्दल एक गोष्ट, कारण तीन पत्रांत हीच गफलत आहे. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर ही ८ नंबरपेक्षा बारीक, ३.२५ मिमीची. बॉर्डर १० नंबरवर आणि अंग ८ नंबरवर विणतात ते यासाठीच. उलट केलं तर बॉर्डर झालरीसारखी फुलते.

आणि नमुना तुकडा टाळू नका. ३० टाके, ४० ओळी. धुवा, वाळवा, मग मधले १० सेंमी मोजा. २२ ऐवजी २० टाके बसले तर हेच ११० टाके ५० ऐवजी ५५ सेंमी भरतील, आणि स्वेटर घेरात १० सेंमी, म्हणजे चार इंच मोठा होईल. हात सैल असेल तर टाके कमी करत बसू नका, एक नंबर बारीक सुई घ्या.

लेकरासाठी स्वेटर विणला. अंगात बराबर बसते, पण गळा डोक्यातून जातच नाही. लेकरू दोन वर्षांचं आहे. आता सारं उसवा लागते काय?
*— मूर्तिजापूर, जि. अकोला*

सारं नाही, फक्त गळपट्टी. दोन वर्षांच्या लेकराचं डोकं जवळजवळ छातीएवढंच असतं. डोकं ४८ सेंमी, तर छाती ५०. मोठ्या माणसाच्या स्वेटरचा गळा नुसता लहान करून चालत नाही तो म्हणूनच.

आधी शेवटची ओळ पाहा. दहांत नऊ वेळा दोष तिथंच असतो: पट्टी ताणली जाते, पण टाके बंद केलेली कड ताणली जात नाही. ती कड उसवा, टाके पुन्हा सुईवर घ्या आणि दोन नंबर जाड सुईनं सैल हातानं बंद करा. पट्टी १० नंबरवर असेल तर बंद करायला ८ नंबर. दोरा आत दडपण्याआधी गळा डोक्यातून घालून पाहा.

तरीही अडला तर डाव्या खांद्याची शिवण उकला. दोन्ही कडांवरून टाके उचलून सहा-सहा ओळींच्या पट्ट्या विणा. वरच्या पट्टीत तीन काजं, खालच्या पट्टीवर चपटी बटणं. लेकराला घालताना तुमचीही झटापट वाचेल.

बहिणीचं बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याच्यासाठी टोपी आणि मोजे करायचे आहेत. क्रोशाचं जाळीदार छान दिसतं, ते चालेल का? इकडे थंडी फार, घरात शेकोटी असते.
*— चिखलदरा, जि. अमरावती*

जाळीदार नको. बाळाची बोटं जाळीत अडकतात, आणि दोरा बोटाभोवती आवळला तर बाळ रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. दोन रंगांत विणताना टोपीच्या आतून लांब धागे सुटतात, त्यांचाही हाच धोका. एकरंगी, घट्ट विणीचीच टोपी करा.

सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं सुमारे ४३ सेंमी असतं. टोपी ३ सेंमी लहान, ४० सेंमीची हवी, म्हणजे ती बसते पण आवळत नाही. बाळांची बारीक लोकर १० नंबरच्या सुयांवर १० सेंमीत २८ टाके देते. म्हणून ११२ टाके, शिवणीचे दोन धरून ११४. पहिले ३ सेंमी ‘२ सुलट, २ उलट’, कडेचा एकेक टाका वेगळा ठेवून. पुढे सरळ वीण, एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत. मग घट: कडेचा एक टाका सोडून ‘१२ सुलट, २ मिळून १’ असं आठ वेळा. पुढची ओळ उलट, घट न करता. नंतरच्या सुलट ओळीत ‘११ सुलट, २ मिळून १’. असं एकेक कमी करत बारा वेळा घटवलं की १८ टाके उरतात. दोरा हातभर ठेवून तोडा, त्या टाक्यांतून ओवून घट्ट ओढा, आणि त्याच दोऱ्यानं मागची शिवण घाला. ५० ग्रॅमचा एक गोळा आणलात तर टोपी होऊन थोडी लोकर मोज्यांनाही उरते.

हनुवटीखाली बांधायचे बंद लावू नका. टोपी सरकते म्हणून बंद लावतात, पण ती सरकते घेर मोठा झाल्यामुळं. गोंडा लावायचा असेल तर विणीतूनच काढा, टाचून लावलेला गोंडा बाळ आठवड्यात तोंडानं उपटतं. बाळ झोपलं की टोपी काढा. डोक्यावाटे अंगाची उष्णता बाहेर पडते, ती वाट बंद झाली तर बाळ तापतं.

आता शेकोटी. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. ठिणगी पडली की ती नुसती जळत नाही, वितळते आणि कातडीला चिकटते. शेकोटी-चुलीजवळ बाळाला बसवताना वरून सुती दुपटं गुंडाळा. मेंढीची खरी लोकर आगीला इतकी लवकर दाद देत नाही, पण ती काहींना टोचते, आणि गरम पाण्यात चोळली तर आटून नमद्यासारखी होते. आमचं मत विचाराल तर इतक्या लहान बाळाला आतून जुन्या मऊ धोतराचं झबलं, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि वरून लोकर. झबल्याला महागडं कापड घेण्यात काही अर्थ नाही.

आईच्या जुन्या सुती साड्या आहेत. त्यांची वाकळ शिवून तिलाच दिवाळीला द्यायची आहे. किती साड्या लागतील, आणि मधे फुगा का येतो?
*— आर्वी, जि. वर्धा*

तीन साड्या. साडेपाच मीटरच्या साडीचे सारखे चार तुकडे करा, प्रत्येक १३७ सेंमीचा. साडीचा पन्हा ११५ सेंमी असतो. दोन तुकडे काठाला काठ जोडले की १३७ बाय २३० सेंमीचा एक थर मिळतो, म्हणजे साडीमागे दोन थर. तीन साड्यांचे सहा थर आपल्या थंडीला पुरतात. सहाव्यापुढे सुई जात नाही आणि वाकळ धुणंही जड होतं. नऊवारी असेल तर सव्वाआठ मीटरांत तीन थर बसतात.

आधी फॉल काढा, पिको कापा, सगळ्या साड्या धुवून खळ घालवा. मग प्रत्येक साडी दोन अंगठ्यांत धरून ताणून पाहा. निऱ्यांचा आणि बसायचा भाग सगळ्यांत आधी विरतो. चर्रकन आवाज आला तर तो तुकडा आतल्या थरांत घाला, वर नको. टेरिलीन किंवा नायलॉनची साडी एकही मिसळू नका. ती सुतीसारखी आटत नाही, थरांमधून निसटते, आणि पहिल्याच धुण्यात वाकळीला सुरकुत्या पडतात. जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नका, थोड्या सरकवा. नाहीतर मधोमध दांडा तयार होतो आणि तो बरोबर पाठीखाली येतो.

फुगा येतो तो शिवण्याआधी थर न टाचल्यामुळं. खालचा थर सतरंजीला धरून राहतो, वरचा सुईबरोबर पुढे ढकलला जातो, आणि ढकललेलं सगळं कापड मधे साठतं. म्हणून थर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. मधून कडेकडे, आधी अधिकासारखे आणि मग गुणाकारासारखे, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. त्यानंतर धावदोरा. जाणत्या बायका कडेनं सुरू करून फेरे घेत आत येतात, आणि ते दिसतंही सुंदर. पण त्या प्रत्येक वळणावर तळहातानं कापड बाहेर निपटत असतात. पहिलीच वाकळ असेल तर मधून बाहेर जा.

दोरा जाड सुती घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. सुईत ५० सेंमीपेक्षा जास्त ओवू नका, लांब दोरा पीळ खाऊन गाठी धरतो.

आता वेळ. दोन ओळींत अडीच सेंमी अंतर ठेवलं तर ५५ ओळी होतात, प्रत्येकी २३० सेंमीची. म्हणजे सव्वाशे मीटर धावदोरा, आणि दोरा लागेल पावणेदोनशे मीटर. एकट्या हाताला २२ दिवसांत हे होणार नाही. घाईनं केलं तर टाके लांब पडतात आणि पायाची बोटं त्यांत अडकून ते तुटतात. शेजारच्या चौघी बसणार असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर ही भेट संक्रांतीला द्या. दिवाळीला आईला त्याच साडीच्या काठाचा बटवा करून द्या, एका संध्याकाळचं काम आहे.

मशीनवर शिवायची असेल तर १६ नंबरची सुई घाला, टाका सगळ्यांत लांब ठेवा आणि फुटाचा दाब कमी करा. दाब जास्त असला की मशीनवरही तोच फुगा येतो.

वहिनी आणि सासूबाई दोघी वेचणीला जातात. साडीच्या ओच्यात कापूस धरून मान आणि कंबर दुखते. त्यांच्यासाठी झोळी शिवली तर? खताच्या पोत्याची करावी म्हणते, मजबूत राहील.
*— राळेगाव, जि. यवतमाळ*

या वेळच्या पत्रांतली आम्हाला सगळ्यांत आवडलेली भेट हीच. पण पोतं नको. खताच्या पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे सुटून कापसात मिसळतात. ते जिनिंगमध्ये निघत नाहीत, सुतात जातात आणि रंग धरत नसल्यामुळं कापडावर डाग म्हणून दिसतात. रंगीत कापडाच्या सुटलेल्या दशांचंही तेच. झोळी पांढऱ्या जाड मांजरपाटाची आणि दोरासुद्धा पांढरा सुतीच.

एका झोळीला ९० सेंमी पन्ह्याचं २ मीटर कापड लागतं. रात्रभर भिजवून वाळवा. कोरं मांजरपाट मीटरमागे पाच-सात सेंमी सहज आटतं, म्हणून पुढची मापं आटल्यानंतरची आहेत: १९० बाय ८६ सेंमी.

१२० सेंमीचा तुकडा अंगासाठी कापा. उरलेल्या ७० सेंमीतून १६ सेंमी रुंदीच्या, पन्ह्याभर लांब चार पट्ट्या: दोन खांद्यांसाठी, दोन कमरेला बांधायला. पट्टीच्या दोन्ही कडा एकेक सेंमी आत दुमडा, पट्टी मधोमध मोडा आणि दोन्ही बाजूंनी शिलाई मारा. ७ सेंमी रुंद पट्टा होतो. याहून अरुंद केला तर भरलेल्या झोळीनं तो खांद्यात रुततो.

अंगाच्या तुकड्याचं खालचं टोक दुमडून शिवा, मग ५० सेंमी वर मोडा. ही झाली पिशवी, आणि मागचा भाग तिच्या तोंडापासून २० सेंमी वर उरतो. दोन्ही बाजू दुहेरी शिवा. आता मागच्या भागाला, पिशवीच्या तोंडाच्या उंचीवर, चुण्या घालून तो ५० सेंमीवर आणा आणि तिथंच दोन्ही टोकांना कमरेचे पट्टे लावा. पुढच्या तोंडाला एकही चुणी घालायची नाही. मागं ५० आणि पुढं ८६, त्यामुळं तोंड आपोआप उघडं राहतं आणि दोन्ही हात वेचायला मोकळे होतात. वरचा २० सेंमीचा भाग तिरपा कापून वर ३० सेंमी ठेवा, कड शिवा आणि त्याच्या दोन कोपऱ्यांना खांद्यांचे पट्टे जोडा.

पट्टे मानेत घालायचे नाहीत. खांद्यांवरून मागं नेऊन पाठीवर फुलीसारखे ओलांडा आणि उलट बाजूच्या कमरपट्ट्याला जोडा. दोघींची उंची वेगळी असेल, म्हणून ही शेवटची शिलाई अंगावर घालून पाहिल्यावरच मारा. सासूबाई वाकून चालत असतील तर पट्टा दोन बोटं लांब ठेवा.

झोळी फाटते ती पिशवीच्या तोंडाच्या दोन कोपऱ्यांत. तिथं आतून ५ बाय ५ सेंमीचा तुकडा लावा, चारी बाजूंनी शिवा आणि वर फुली मारा. मोठी झोळी शिवायचा मोह होईल, पण करू नका. हिच्यात चार-पाच किलो कापूस मावतो, आणि तेवढा झाला की ओतून यावं हेच बरं.

जमलं तर जुन्या सुती शर्टाच्या दोन बाह्या कापून, दोन्ही तोंडांना इलॅस्टिक घालून सोबत द्या. वाळलेल्या बोंडाची टोकं मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे काढतात. त्या बाह्याही पांढऱ्याच घ्या.

पायमशीनवर शिवताना कापडाखाली दोऱ्याचं जाळं होते. बॉबिन तीनदा बदललं, तरी तेच. काऊन?
*— मेहकर, जि. बुलडाणा*

जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात. पण खालचं जाळं वरच्या दोऱ्याचं असतं. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांत शिरतच नाही, मोकळा सुटतो आणि खाली साठतो. चकत्यांमधला जुना दोऱ्याचा तुकडा जाड कापडाच्या कडेनं पुसून काढा. मग सुई पाहा: जिकडे लांब खाच, तिकडूनच दोरा ओवायचा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवा, आणि चाक एकदाही उलटं फिरू देऊ नका.

घरातले जुने स्वेटर उसवून त्याची लोकर वापरता येते का? नवी घ्यायला परवडत नाही.
*— मूल, जि. चंद्रपूर*

येते, पण आधी आतली शिवण पाहा. दोन्ही भागांच्या कडा साखळीसारख्या अखंड असतील तर स्वेटर सलग उसवतो. कड कापून वरून दोऱ्यानं गुंफलेली असेल तर तो कापून शिवलेला आहे, त्यातून ओळीओळीचे तुकडेच हाती येतील. तो सोडून द्या.

शिवणी कापून भाग वेगळे करा आणि ज्या टोकाला टाके बंद केले होते तिथून, म्हणजे वरून उसवा. लोकर पाटाभोवती किंवा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा आणि चार ठिकाणी सैल बांधा. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, सावलीत टांगा आणि खाली पाण्याचा भरलेला तांब्या अडकवा. त्या वजनानं बऱ्याचशा लाटा सरळ होतात. ॲक्रिलिकच्या पूर्ण जात नाहीत. ती ‘२ सुलट, २ उलट’ विणीत वापरा, तिथं दिसत नाहीत. कोपर आणि मनगटाजवळची झिजलेली लोकर वेगळी ठेवा. ती मोज्यांना घेऊ नका, टाचेत पहिल्याच महिन्यात भोक पडेल. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या एका स्वेटरमधून लहान मुलाचा एक स्वेटर आणि एक टोपी सहज निघते.